पाठ उशिरा पोहोचतो: हिंगोली जिल्हा परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, हिंगोली

विषय: वयात येण्याविषयीचे आणि लैंगिक आरोग्याचे शिक्षण इयत्ता चौथीपासून, वयानुरूप आणि शालेय वर्षाच्या पहिल्या सत्रात सुरू करण्याबाबत

महोदय,

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मानवी प्रजननसंस्थेची सविस्तर ओळख होते ती दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी. ज्या बदलांविषयी तो पाठ बोलतो ते मुलींच्या शरीरात सर्वसाधारणपणे 8 ते 13 आणि मुलांच्या शरीरात 9 ते 14 या वयात सुरू झालेले असतात, आणि वर्गात ते पान उघडले जाईपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत पूर्णही होत आलेले असतात. उशिरा आलेली ही माहिती कुठल्याही जिल्ह्यात अपुरीच ठरेल, परंतु हिंगोलीत तिची किंमत अधिक मोजावी लागते. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले होते, आणि हिंगोली जिल्ह्यात हेच प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. सातवी-आठवीनंतर शाळा सुटलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीपर्यंत दहावीचा पाठ कधीच पोहोचत नाही. म्हणजे ज्या मुलीला त्या ज्ञानाची गरज सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त असते, तिलाच विद्यमान व्यवस्था त्यातून वगळते.

प्रस्तुत पत्राचे म्हणणे एवढ्या एका गोष्टीभोवती आहे की शरीरात बदल होण्याआधी, मुलाच्या समजेला पेलेल इतके आणि त्याच्या घराच्या कामधंद्याचा हंगाम पाहून हे शिक्षण दिले गेले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा किंवा नवे पाठ्यपुस्तक लागत नाही, कारण वेळापत्रक आणि शिक्षकांची तयारी या दोन्ही बाबी जिल्हा परिषदेच्या हातातल्या आहेत.

वयात येणे ही एका दिवसाची घटना नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक नावाचा लहानसा भाग ठरावीक लयीत संदेश सोडू लागला की पीयूषिका ग्रंथी जागी होते, तिच्या संप्रेरकांमुळे, म्हणजे रक्तातून फिरून दूरच्या अवयवांना काम सांगणाऱ्या रसायनांमुळे, मुलींची अंडाशये आणि मुलांची वृषणे आपापली संप्रेरके तयार करू लागतात, आणि त्यानंतर कित्येक महिन्यांत, कधी कित्येक वर्षांत, बाहेरून दिसणारे बदल क्रमाक्रमाने उमटतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी या बदलांचे पाच टप्पे पाडले आणि त्यांच्या निरीक्षणांतून हेही स्पष्ट झाले की टप्प्यांचा क्रम बहुतेक मुलांत सारखा असला तरी त्यांची वेळ आणि गती प्रत्येकाची निराळी असते. मुलीच्या बाबतीत छातीची वाढ सुरू झाल्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. निसर्गाने दिलेला हा दोन-अडीच वर्षांचा अवधी म्हणजेच शिक्षणाची खरी वेळ होय, आणि आज तो अवधी घरात व शाळेत दोन्हीकडे मौनात जातो. परिणामी पाळी आली की मुलीला शरीराची माहिती मिळण्याआधी विटाळाची माहिती मिळते: कशाला शिवायचे नाही, कुठे बसायचे, कोणाला सांगायचे नाही. रक्त का येते, ते किती दिवस येणे सामान्य आहे, कापड कसे धुऊन उन्हात वाळवायचे, किती दुखले तर दवाखान्यात जायचे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. वर्गातील इतरांच्या आधी वयात येणाऱ्या मुलीची अवस्था तर अधिकच कठीण असते, कारण शरीरावरून लोक तिला मोठी समजू लागतात आणि तिची समज मात्र तिच्या वयाच्या मुलींइतकीच असते; अशा मुलींमध्ये खिन्नता आणि छळाला बळी पडण्याचा धोका अधिक आढळतो, ही विकासाच्या मानसशास्त्रातील वारंवार पुढे आलेली नोंद आहे.

येथे नेहमीचा आक्षेप उभा राहतो की चौथी-पाचवीच्या मुलांना हे सांगण्याचे वय नाही. या आक्षेपाची टिंगल न करता त्याला शास्त्राने उत्तर दिले पाहिजे, कारण त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे: कोणत्या वयाच्या मुलाला नेमके काय समजते? अ‍ॅन बर्नस्टाइन आणि फिलिप कोवन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते बारा वर्षांच्या मुलांना बाळ कुठून येते असे विचारले, तेव्हा अगदी लहान मुलांनी बाळ आधीपासून कुठेतरी असतेच आणि तिथून ते आईच्या पोटात येते असे मानले, त्यांच्याहून थोडी मोठी मुले बाळ एखाद्या वस्तूसारखे घडवले जाते असे समजत होती, आणि दोन शरीरांतील दोन घटक एकत्र येऊन नवा जीव तयार होतो हा कार्यकारणभाव अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास कुठे नीट जुळू लागला. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी बालबुद्धीच्या विकासाचे जे टप्पे सांगितले त्यांच्याशी हे जुळणारे आहे. साधारण सात ते अकरा या वयात मूल डोळ्यांपुढच्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींविषयी तर्क करू शकते, आणि अमूर्त गोष्टींविषयीचा तर्क, म्हणजे ‘असे झाले तर पुढे काय होईल’ असा विचार, त्यानंतर हळूहळू येतो. या अभ्यासांचा अर्थ लहान मुलांना काहीच सांगू नये असा होत नाही. प्रौढांनी मौन पाळले तरी मूल स्वतःचे उत्तर तयार करतेच, आणि ते उत्तर बहुधा चुकीचे असते, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून प्रत्येक वयाला त्याच्या समजेच्या एक पायरी पुढचे उत्तर द्यावे.

हे हिंगोलीच्या शाळांच्या रचनेत असे बसते. पहिली-दुसरीच्या मुलाला आपल्या सर्व अवयवांची नावे न लाजता सांगता यावीत, कपड्याखाली झाकलेल्या भागांना कोणी हात लावू नये आणि लावला तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे, तसेच ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावून केलेली गोष्ट लपवायची नसते, एवढे कळले की पुरे आहे. चौथी-पाचवीत, म्हणजे बहुतेक गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळेतच, मुलगे आणि मुली दोघांनाही येऊ घातलेल्या बदलांची पूर्वसूचना मिळावी. सहावी-सातवीत पाळी, झोपेत होणारे वीर्यस्खलन, मुरुमे, आवाज फुटणे आणि मनाची चलबिचल यांविषयी सविस्तर बोलावे. गर्भधारणा, तिचा प्रतिबंध, एचआयव्हीसह लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग, संमती आणि कायदा हे विषय आठवीपासून यावेत. युनेस्कोने 2018 मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही पाच ते आठ, नऊ ते बारा, बारा ते पंधरा आणि त्यापुढील वय असेच गट केलेले आहेत, आणि त्यामागच्या संशोधनाचा निष्कर्ष असा आहे की अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक व्यवहाराकडे वळत नाहीत. हिंगोलीतील एखाद्या पालकसभेत हा मुद्दा विचारला जाणारच, तेव्हा तो शिक्षकांना पाठ असावा.

संमती आणि कायदा हे विषय आठवीपर्यंत थांबवता येतील, परंतु मैत्री आणि दबाव हे विषय थांबवता येणार नाहीत, याचे कारण किशोरवयीन मनाच्या जडणघडणीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये किशोरवयाच्या दोन लकबी नोंदवल्या. एक म्हणजे काल्पनिक प्रेक्षक: सगळे जग आपल्याकडेच पाहत आहे असे मुलाला सतत वाटणे. दुसरी म्हणजे वैयक्तिक दंतकथा: इतरांच्या बाबतीत जे घडते ते आपल्या बाबतीत घडणार नाही अशी त्याची आतली खात्री. कपड्यावर डाग पडेल या भीतीने पाळीचे चार दिवस शाळा बुडवणारी मुलगी पहिल्या लकबीने समजते, आणि ‘आमचं तसं काही होणार नाही’ म्हणत धोका पत्करणारा मुलगा दुसऱ्या लकबीने. पुढे मेंदूच्या अभ्यासाने यात भर घातली. भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित भाग किशोरवयाच्या सुरुवातीलाच तीव्रपणे सक्रिय होतात, तर परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवण्याच्या खेळात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी एकटे असताना मोठ्यांपेक्षा फार वेगळे वर्तन केले नाही, पण मित्र शेजारी असताना त्यांनी घेतलेले धोके सुमारे दुप्पट झाले, आणि प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही. म्हणजे किशोराजवळ समज नसते असे नव्हे, ती समज सोबत्यांसमोर टिकत नाही. म्हणून नुसती व्याख्याने पुरत नाहीत, नकार कसा द्यायचा, मोबाइलवर फोटो मागितला तर काय म्हणायचे, दुसऱ्याचा नकार कसा ऐकायचा याचा सराव सोबत्यांसह, वर्गात, नाट्यरूपाने करून घ्यावा लागतो.

मुलग्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘किशोरी’ या नावाने निघणाऱ्या योजनांत ते सहसा नसतात. पाळीविषयी निदान कुजबुज तरी होते. वीर्यस्खलनाविषयी मुलग्याला सांगणारे कोणीच नसते, आणि ती जागा रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’ आणि ‘धातुदौर्बल्य’ यांच्या जाहिराती भरून काढतात. वीर्य गेल्याने शक्ती जाते या समजुतीतून येणारी थकव्याची, चिंतेची आणि अपराधीपणाची लक्षणे इतकी नेमकी आहेत की भारतीय मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी 1960 मध्ये त्यांना धात लक्षणसमूह असे नाव दिले. ही लक्षणे भीतीतून येतात आणि ती भीती वर्गातल्या एका साध्या वाक्याने टळू शकते. शिवाय मुलग्यांना पाळीविषयी कळले नाही तर डाग पडलेल्या मुलीची चेष्टा थांबणार नाही, आणि मुलींसाठी ठेवलेले कितीही पॅड तिला त्या चेष्टेपासून वाचवणार नाहीत.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरे दिल्याबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला कर्वे हरले. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, 2005 मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला, आणि 2007 मध्ये विधिमंडळातील विरोधानंतर महाराष्ट्राने तो थांबवला. त्या वेळच्या विरोधाचा भर साहित्यातील चित्रे आणि मजकूर मुलांच्या वयाला अनुरूप नाहीत यावर होता. तो आक्षेप प्रामाणिक मानला तर त्यावरचा इलाज साहित्य वयानुरूप करणे हा होता. कार्यक्रमच बंद झाल्याने त्या वर्षी पाचवीत असलेल्या मुलींना पुढे काय कळले आणि कोणाकडून कळले, याची जबाबदारी कोणाकडेच राहिली नाही. ही चूक जिल्हा पातळीवर दुरुस्त करता येते, असे या पत्राचे ठाम मत आहे.

मराठवाड्यातच याचे उदाहरण आहे. पैठण तालुक्यातील पाचोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने, डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली, 1990 च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम चालवला. वर्ग संध्याकाळी तासभर भरत, शिकवणाऱ्या स्त्रिया गावातल्याच होत्या, आणि आरोग्य, पोषण, कायदा, ग्रामपंचायतीचे काम, बँकेचा व्यवहार अशा विषयांत शरीराची ओळखही सहज येत असे. त्याच्या मूल्यमापनात असे आढळले की कार्यक्रम असलेल्या गावांत लग्नाचे मध्यक वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्ने होतात ते वय, 16 वरून 17 वर गेले. एक वर्ष हा आकडा वरवर लहान दिसतो. पण सोळाव्या वर्षी गरोदर राहणारे शरीर आणि सतराव्या वर्षीचे शरीर यांत, तसेच नववीत सुटलेली शाळा आणि दहावी पूर्ण झालेली शाळा यांत काय फरक असतो, हे जिल्ह्यातील कोणतीही आशा कार्यकर्ती सांगू शकेल. पाचोडच्या अनुभवातून हिंगोलीने घ्यावयाची गोष्ट अशी की शिकवणारी व्यक्ती गावातील असली की विरोध मावळतो, आणि शरीराचा विषय इतर विषयांत गुंफला की तो एकट्याने डोळ्यांत खुपत नाही.

आता हंगामाविषयी. जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांवरून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, कोयत्यावर मिळते, त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकण्यामागे रूढीइतकाच हा हिशेबही असतो. फडावर आईवडिलांसोबत नेलेल्या वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती त्यात भर घालते. शाळांमध्ये मात्र किशोरवयाविषयीचे कार्यक्रम बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत किंवा 8 मार्चच्या महिला दिनाला जोडून होतात, म्हणजे नेमक्या त्या मुली जिल्ह्याबाहेर असताना. पहिल्या सत्रातील जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ हीच ती वेळ आहे जेव्हा त्या वर्गात असतात. कार्यक्रम पहिल्या सत्रात हलवण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. जी मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात त्यांच्यासाठी तेथील काळजीवाहकांना, आणि आश्रमशाळांतील मुलांसाठी अधीक्षक-अधीक्षिकांना, याच प्रशिक्षणात घ्यावे. कळमनुरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी त्यासाठी समन्वय लागेल, कारण त्या शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येत नाहीत, पण मुले याच जिल्ह्याची आहेत.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून निकडीचा आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सहन केल्याचे सांगितले, त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींइतकेच मोठे होते, आणि छळ करणारे मोठ्या संख्येने ओळखीचे व विश्वासातले होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, जो पॉक्सो म्हणून ओळखला जातो, अशी घटना कळलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घालतो. परंतु ज्या मुलाकडे झालेली गोष्ट सांगायला शब्दच नाहीत, त्याच्याकडून कोणाला काय कळणार? 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली. राज्याने 2022 मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापण्याचा आदेश दिला. त्या समित्यांची पाटी अनेक शाळांत लागली असेल, पण समितीच्या सदस्यांनी मुलांशी कोणत्या भाषेत बोलावे याची तयारी त्या पाटीबरोबर येत नाही.

या तयारीसाठी चौकट हाताशी आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय ठरलेले आहेत, त्यांत निरोगी वाढ, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा जबाबदार वापर हे विषय येतात, आणि प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांनी, ते शिकवावेत अशी योजना आहे. 2014 पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयोगटासाठी समुपदेशनाची सोय असून राज्यात ती मैत्री क्लिनिक या नावाने चालते. या दोन व्यवस्था एकमेकींना भेटल्या पाहिजेत: समुपदेशकाने वर्षातून एकदा येऊन भाषण देण्याऐवजी शिक्षकांना तयार करावे आणि शिक्षकाने कठीण प्रश्न घेऊन मुलाला समुपदेशकाकडे पाठवावे. एक अडचण मात्र उघडपणे मान्य करावी लागेल. अठरा वर्षांखालील विवाहित मुलगी गरोदर राहून दवाखान्यात आली की पॉक्सोखाली कळवणे भाग पडते, आणि त्या भीतीने कुटुंबे तिला दवाखान्यात आणणेच टाळू शकतात. कायदा जिल्हा परिषदेला बदलता येत नाही, पण लग्नच लांबणीवर जाईल असे प्रयत्न पाचवीच्या वर्गापासून सुरू करता येतात, आणि ठरलेले लग्न थांबवण्यासाठी मुलीला 1098 हा क्रमांक आणि गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे दोन्ही माहीत करून देता येतात.

शिक्षकांच्या संकोचाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनाही हा विषय कोणी शिकवला नव्हता. प्रशिक्षणात त्यांना आधी स्वतःचे प्रश्न मोकळेपणाने विचारू द्यावेत, चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता. मुलांच्या वर्गातही तीच पद्धत वापरावी. पालकसभेत पाठाचा सगळा मजकूर आधी वाचून दाखवावा, विशेषतः आयांना आणि आज्यांना, कारण लपवलेल्या गोष्टीबद्दलच गावात शंका उठतात.

म्हणून विनंती आहे ती अशी की येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील प्रत्येक केंद्रातून एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांचे प्रशिक्षण जूनमध्ये पूर्ण व्हावे, चौथी ते सातवीचे पाठ सप्टेंबर संपण्यापूर्वी घेतले जावेत, आणि केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या अहवालात ‘कार्यक्रम झाला’ या नोंदीऐवजी मुलांनी चिठ्ठ्यांवर विचारलेले प्रश्न, नावे वगळून, जोडले जावेत, म्हणजे पुढच्या वर्षीचा पाठ त्या प्रश्नांवरून ठरवता येईल.

कळावे.